मोंबासाचा मोगो

लंडनमध्ये कसावा, म्हणजे आमचा मोगो, सोललेला, गोठवलेला सहज मिळतो. पूर्व आफ्रिकेतून इथे आलेल्या गुजराती मंडळींची ही कृपा. तरी मला ताजा, मातकट कंदच हवा असतो. जाड तपकिरी सालीखाली गुलाबीसर दुसरी साल असते. सुरीचं टोक खुपसून तीही सोडवायची. मग मिठाच्या भरपूर पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत उकडायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं. कच्च्या कंदातून सायनाइड सुटतं, त्यामुळे इथे घाई अजिबात नको. तुकडे उकलले की मधली चिवट दोरी ओढून काढायची. फोडणीला मोहरी, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, लाल तिखट, वरून लिंबू.

छान लागतो. पण खरा मोगो भाजलेलाच, असं माझं ठाम मत आहे. मोंबासात दीपगृहाजवळ, समुद्राच्या कडेला संध्याकाळी मोगोवाले बसायचे. निखाऱ्यावरचा कंद बाहेरून करपलेला, आतून पिठूळ. मोगोवाला त्याला उभी चीर द्यायचा, लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून आत खसखसून चोळायचा आणि कागदात गुंडाळून हातात ठेवायचा. ओठ हुळहुळायचे, नाकातून पाणी यायचं, मग शहाळं. बाबा गाडीला टेकून उभे, आई स्वाहिलीत 'तिखट कमी' म्हणून बजावत असायची.

एकदा पुण्याहून आजी आली होती, नेमकी चतुर्थी. साबुदाणा याच कंदापासून होतो, असं बाबांनी सांगितल्यावर तिनं शांतपणे हात पुढे केला. मोगो तिखटासकट संपवला आणि दुसरा मागितला.