लवकर विरणारा सूर

नोकरीनिमित्त आम्ही गेलीं पंधरा वर्षें हॅम्बुर्ग येथें राहतों. तीर्थरूपांचा मिरजेचा तंबोरा मीं पुण्याहून जिवापाड जपून येथें आणला, तो आमच्या कन्येनें गाणें शिकावें म्हणून. गतवर्षीं सोळावें सरतां सरतां तिनें सांगितलें, "बाबा, मला बेस गिटार हवी." आठ दिवस घरांत अबोला होता. अखेर सौभाग्यवतींनीं मध्यस्थी केली, आणि एका शनिवारीं आम्ही बापलेक वाद्यांच्या दुकानांत गेलों.

दुकानदारानें दोन वाद्यें पुढें ठेवलीं. एक भरीव लाकडाचें. या जातीचें वाद्य फेंडर या अमेरिकन कंपनीनें १९५१ सालीं बाजारांत आणलें. दुसरें व्हायोलिनच्या आकाराचें, आंतून पोकळ. हॉफनर या जर्मन कारखान्याच्या १९५६ सालच्या नमुन्याबरहुकूम नव्यानें घडविलेलें. वर स्प्रूसची पातळ फळी, पाठ व कडा मेपलच्या. याच शहरांत १९६१ सालीं पॉल मॅकार्टनी यांनीं तसलें वाद्य घेतलें, आणि बीटल्समुळें त्याची कीर्ति जगभर झाली.

"नांवाला भुलूं नकोस, कानानें निवड," मी म्हणालों.

"मग तुम्ही डोळे मिटा," ती म्हणाली.

मीं डोळे मिटले. पहिला सूर स्वच्छ आणि लांबलचक होता. दुसरा जाड, गोल, मऊ. उमटला न उमटला तोंच विरला. सुराची परीक्षा त्याच्या आसेवरून करावी, असें आमच्या घरचें वळण. मीं तत्काळ पहिल्याच्या बाजूनें कौल दिला.

दुकानदारानें भेद समजावून दिला. भरीव लाकूड तारेचें बळ फारसें शोषीत नाहीं, म्हणून सूर टिकतो. पोकळ वाद्याची पातळ फळी तेंच बळ घेऊन स्वतः थरथरते, म्हणून सूर चटकन् फुलतो आणि चटकन् मावळतो. शिवाय तारेची लांबी ३४ इंचांऐवजीं ३० इंच, आणि तारांवर चपट्या पट्टीचें वेष्टन, त्यामुळें बोटांची खरखर कमी. दोषही त्यानें लपविला नाहीं : ध्वनिवर्धक फार चढविला, तर पोकळ अंग त्याच आवाजानें घुमूं लागतें.

"बाबा, माझी मैत्रीण गाते," मुलगी हळूच म्हणाली. "हा सूर संपतो, तेथें तिचा शब्द ऐकूं येतो."

मी निरुत्तर झालों. तीर्थरूप जन्मभर दुसऱ्यांच्या मागें तंबोरा घेऊन बसले. त्यांना कधीं पुढें बसतां आलें नाहीं, याची मला लहानपणीं लाज वाटे. गाणाऱ्याला आधार देणें हेंच त्यांचें गाणें होतें, हें मला कळलें नव्हतें. तंबोऱ्याला ठेका दाखवावयाचा नसतो, म्हणून त्यानें अखंड असावें. बेसला ढोलाबरोबर एकेक पाऊल टाकावयाचें असतें. मागचें पाऊल उचलल्याशिवाय पुढचें पडावें कसें? काम एकच, रीत निराळी. आणि तें काम माझ्या मुलीनें आपण होऊन निवडलें होतें!

पोकळ वाद्य घरीं आलें. परवां तें वाजत असतां एक सूर नेमका जुळला, आणि कोपऱ्यांतील तंबोऱ्याच्या तारा आपोआप गुणगुणल्या. ती थबकली. जवळ जाऊन तिनें भोपळ्यावर हात ठेवला.

"बाबा," तिनें विचारलें, "ह्याच्या तारा कशा लावतात?"