ड्यूटी

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ‘ड्यूटी’ म्हणजे पाळी. ती लागते, बदलते, सुटते. रात्रपाळीचा माणूस आला नाही तर डबल करावी लागते. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969पासून अशाच पाळ्यांवर चालत आले आहे. शब्द इथे इतका मुरला आहे की ‘बाबा ड्यूटीवर गेलेत’ म्हटल्यावर कोणी पुढचे विचारत नाही.

मुळात मात्र तो कामाचा शब्द नाही, देण्याचा आहे. लॅटिन ‘देबेरे’ म्हणजे देणे लागणे. त्यावरून फ्रेंच वळणाने इंग्रजीत ‘ड्यू’ आला, त्यातून ‘ड्यूटी’. कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात, तोही त्याच मुळाचा. बंदरात आलेल्या मालावरची ड्यूटी म्हणजे सरकारचे देणे. ‘कर्तव्य’ हा शब्द करण्यापासून निघाला. त्यात सावकार नाही. पण आपण समाजाचे देणे लागतो, असे म्हणताना किंवा देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मोजताना मराठी मनही त्याच अर्थापाशी येते.

पालघरच्या भूमीवर हा अर्थ माणसांनी शरीराने भोगला आहे. आजच्या तलासरी-डहाणू भागात लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेणारा आदिवासी तरुण त्याचा ‘लग्नगडी’ होई. कर्ज फिटेपर्यंत त्याने राबायचे, बायकोनेही राबायचे. हिशेब सावकाराच्या हाती, त्यामुळे ते फिटतच नसे. जन्मभराची गुलामी या देण्याच्या नावाखाली चाले आणि तिला रीत म्हटले जाई. 1945च्या मे महिन्यात झरी गावी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेच्या साथीने वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी नाकारण्याचा निर्धार केला. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. पण लग्नगडी सुटले.

या इतिहासाशेजारी बोईसरची ड्यूटी ठेवली की तिचे मोल कळते. 1948च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट दर ठरवला. भोंगा झाला की कामगाराचे देणे संपते. उरलेला दिवस त्याचा. कंत्राटी कामगाराच्या वाट्याला हे सगळे येतेच असे नाही, तरी देण्याला शेवट असणे ही फार मोठी गोष्ट आहे.

तो शेवट अजून सर्वांना मिळालेला नाही. पावसाळ्याआधी घरखर्चाला उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर ती फेडायची, हे चक्र ठाणे-पालघरच्या कातकरी कुटुंबांत चालत आले आहे. हंगाम संपतो, उचल अंगावर राहते. 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे बांधून ठेवणारे कर्ज रद्द केले आहे. त्यात अडकलेल्यांना शोधून सोडवणे आणि त्यांचे पुनर्वसन पाहणे ही त्या कायद्यानेच जिल्हाधिकाऱ्यांवर टाकलेली ड्यूटी आहे.