हातचा न घेता

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक; एकापासून नवापर्यंत चढायचं आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचं. १११११११११ या संख्येला तिनेच गुणलं की ही संख्या मिळते. पण हा गुणाकार यंत्राकडून करून घेऊ नये, कागदावर मांडावा. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ आधीचीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. मग उभ्या बेरजा. एककाच्या घरात एक, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. मधोमध नऊ एक एकाखाली एक उभे राहतात आणि तिथून डावीकडे पुन्हा एकेक कमी होत जातो. सबंध बेरजेत हातचा एकदाही येत नाही. तिचं सगळं रूप या न आलेल्या हातच्यात आहे.

दहा एकांचा वर्ग करून पाहा: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरात दहा जमले, हातचा शेजारच्या नवावर पडला, त्याचं शून्य झालं. पुढचा हातचा आठावर गेला आणि आठ नाहीसा झाला.

या कुळातली १२३४५६५४३२१ ही संख्या नवव्या शतकात महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त आहे. विसाव्या शतकात देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर या संख्यांच्या मागे लागले. त्यांनी कुळाला नाव दिलं डेम्लो. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली, जिथे त्यांना ही कल्पना सुचली. विद्यापीठाचं पद नाही, संशोधनाची पदवी नाही, आणि तरी आयुष्यभर संख्यांची संगत. मला हे फार मोठं वाटतं.

गणितज्ञ हार्डी यांना ते पटलं नसतं. ८७१२ ही २१७८ ची चौपट, म्हणजे तेच अंक उलटे. असल्या गोष्टी त्यांनी १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'मध्ये कोड्यांच्या सदराकडे धाडल्या. त्यांतून व्यापक असं काही निघत नाही, हा त्यांचा आक्षेप. हार्डींबद्दल पूर्ण आदर ठेवूनही म्हणतो, आपल्या या संख्येला तो लागू पडत नाही. हातचा कधी येतो, हे आपण किती अंक वापरतो यावर ठरतं. पाचाच्या पायावर लिहिलं तर चार एकांचा वर्ग १२३४३२१ येतो, आणि शिखर चारावर. आठाच्या पायावर ते सातावर. पाया कोणताही घ्या, त्याच्याहून एक कमी इतके एक लिहा आणि वर्ग करा. चढण आणि उतरण बिनचूक येते.

हीच संख्या दुसऱ्या पायावर लिहिली की तिच्या अंकांची चढउतार मोडते हे खरं. पण १११११११११ चे अवयव, दोनदा तीन, सदतीस आणि ३३३६६७, कुठल्याही पायावर तेच राहतात. त्यांतला शेवटचा मूळ आहे आणि त्याची तिप्पट १००१००१. तिला १११ ने गुणताना तिन्ही एक आपापल्या जागी तीन-तीन होऊन उभे राहतात, इथेही हातच्याशिवाय.