इगर्जीच्या आवारातील पाठशाळा

लोंढ्याहून निघून कॅसलरॉकचा घाट उतरत गोव्यात शिरणारी आगगाडी आम्हां बेळगावकरांना घरच्या ओसरीइतकी परिचयाची. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण होईपर्यंत गोमंतकीयांस आगगाडीने मुंबईस जावयाचे म्हणजे आमच्याच स्थानकावरून मिरज-पुण्याकडे जावे लागे. नाहीतर पणजीहून बोट होती. अशाच वाटांनी कितीतरी ख्रिस्ती तरुण व्हायोलिनची पेटी बरोबर घेऊन मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. जुन्या चित्रगीतांमागे तंतुवाद्यांची जी लाट उसळते, ती बरीचशी त्यांच्या हातची. हे हात शिकले कोठे, हा प्रश्न शिक्षकी पेशातल्या माणसास पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर सासष्टीतल्या खेड्यांत, इगर्जीच्या आवारात मिळते.

गेल्या मार्चमध्ये ते शोधीत आम्ही मडगावास उतरलो आणि तेथून माजोर्ड्यास गेलो. एरवी मराठीचा अभ्यासक गोव्यात आला की त्याचे पाय राशोलकडे वळतात, कारण फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली तेथे छापले गेले. या खेपेस ग्रंथाचा मोह आवरला. माजोर्डे समुद्रालगतचे गाव. माडांची दाटी, कापणी उरकलेली शेते, घरापुढे चुन्याने रंगविलेला खुरीस, आणि या साऱ्यांवर नजर ठेवून असल्यासारखी देवमातेला वाहिलेली पांढरी इगर्ज.

पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या इगर्जीला जोडून पाठशाळा असे आणि तिचा गुरू तो ‘मेस्त’. प्रार्थना व धर्मपाठ शिकविणे, गायकवृंद तयार करणे, सणावारी वादकांचा ताफा उभा करणे, हे सारे त्याच्याकडे. मुलाच्या हाती वाद्य एकदम पडत नसे. आधी हाताने ताल देत स्वरलिपी मोठ्याने वाचावयाची. ती न अडखळता येऊ लागली म्हणजे मग व्हायोलिन, ज्याला तिकडची जुनी माणसे ‘रेबेक’ म्हणतात. आम्हांस भेटलेल्या एका वयोवृद्ध मेस्तांनी ही रीत चार शब्दांत सांगितली: “मास्तर, आदीं दोळे, मागीर हात.” आधी डोळे, मग हात! वाचनाच्या अध्यापनावर आम्ही बरीच व्याख्याने ऐकली आहेत. त्यांत एवढे नेमके वाक्य क्वचितच ऐकले. छडीचा उल्लेखही त्यांनी हसत केला. ती मात्र आम्हांस रुचली नाही.

१९२७ साली माजोर्ड्यात जन्मलेले अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. १९४३ मध्ये ते मुंबईस गेले आणि पुढे व्हायोलिनवादक, संगीत-संयोजक व शिक्षक म्हणून नावारूपास आले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात गुरूचे नाव गुंफले. ते गाणे देशभर गायिले गेले. ते नाव एका खऱ्या शिक्षकाचे आहे हे कितीजणांना ठाऊक होते? गोन्साल्विस २०१२ साली निवर्तले.

मुंबईस गेलेल्यांची कीर्ती झाली. आम्हांस अधिक मोलाचे वाटतात ते गावातच राहिलेले. शेतावर राबणारा, सुतारकाम करणारा माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन खुरसापुढच्या लादाईनीला येतो आणि आपली पट्टी बिनचूक धरतो. शेजारच्या ओट्यावर कोणी दुसरा स्वर उचलतो. प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटले जातात आणि मंडळी गप्पा मारीत पांगतात. आमच्याकडच्या भजनी मंडळात याहून निराळे काय असते? उपासकाळात तर ‘मोतेत’ गायिले जातात, तेही लॅटिनमध्ये. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा कोकणीत आली, आणि ते योग्यच झाले. आपल्या भाषेत देवाशी बोलता यावे हे मराठी संतांच्या वाचकांस कोणी समजावून द्यावयास नको. तरीही हे जुने मोतेत गावाने टाकले नाहीत.

या साऱ्यास दुसरी बाजू आहे. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, माणसांवर जुलूम केला. तो इतिहास वाद्यांच्या नादात बुडवून टाकता येणार नाही. पाठशाळा काढण्यातला हेतू उपासनेचा होता, कलेचा नव्हे. पण गरिबाच्या मुलाला, शुल्काचा विचार न करता, एक अवघड विद्या पूर्णपणे द्यावयाची हा शिरस्ता या आवारांत रुजला, आणि त्याचे श्रेय त्या मेस्तांना दिलेच पाहिजे. आमच्या सरकारी शाळांतून संगीताचा तास वेळापत्रकात असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो.

आता मेस्तही विरळ झाले. तरुण आखातात जातात, २०२० पर्यंत पोर्तुगालमार्गे इंग्लंडातही जात. घरे कुलूपबंद आहेत. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण मिळते, पण खेड्यातले मूल रोज संध्याकाळी पणजीस कसे जाणार? आम्ही गेलो त्या दिवशी मोतेताच्या तालमीला पाच मुले होती. त्यांतली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी वाद्य मांडीवर आडवे ठेवून नुसतीच ताल देत स्वर वाचीत होती. मेस्तांनी तिला मध्येच थांबविले, एका ओळीवर बोट ठेवले, आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.