लंडन ते पॅरिस, फक्त सव्वा तास!

सरळ रेषेत जेमतेम ३५० किलोमीटर. "दोघी बहिणी शेजारीच की!" असं आई पुण्याहून म्हणते. विमानाला सव्वा तास, पण विमानतळावरचं येणंजाणं धरलं की पाच तास सहज मोडतात. त्यापेक्षा समुद्राखालून जाणारी युरोस्टार बरी, साधारण सव्वादोन तासांत थेट गावात!

पण आई, खरं अंतर वेगळंच आहे गं. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आणि माझा पासपोर्ट भारतीय. व्हिसाच्या अर्जाला नियमाने १५ दिवस, कधी ४५ सुद्धा. ताईचे तर दिवस भरत आलेत. बाळ काही माझा व्हिसा बघून येणार नाही! अर्ज दिलाय, बॅग भरलीये, डिंकाचे लाडू डब्यात तयार आहेत.

असो. हल्ली फोन उशाशी घेऊन झोपते.