दोन भाषा बोलणारी घरे

कमठाण्यातील आमचे माळवदाचे जुने घर उतरवून सिमेंटचे बांधावे, असा विचार आम्हां भावंडांत सध्या चालू आहे. नकाशेही आले आहेत. एकात दर्शनी भागी चार ग्रीक खांब, दुसऱ्यात बिदरच्या कमानींची सिमेंटमधील नक्कल. हे कशासाठी, असे विचारता 'शोभेसाठी' एवढेच उत्तर मिळाले.

त्या निमित्ताने वास्तुसमीक्षक चार्ल्स जेंक्स (१९३९-२०१९) यांचे विचार आठवले. उत्तर-आधुनिक वास्तुकलेवरील त्यांचा ग्रंथ १९७७ सालचा. अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्रुइट-आयगो ही ११ मजली इमारतींची वसाहत १९७२ साली सुरुंगाने पाडली जाऊ लागली, तीच आधुनिक वास्तुकलेची मरणघटका, असे त्यांनी जाहीर केले. दुपारी ३ वाजून ३२ मिनिटे, अशी वेळही देऊन टाकली! आम्हांला ही अतिशयोक्ती वाटते. त्या वसाहतीला दारिद्र्याने आणि देखभालीच्या अभावानेही ग्रासले होते. मात्र त्यांचा मुख्य मुद्दा मोलाचा आहे. इमारतीने एकाच वेळी दोन भाषांत बोलावे. एक जाणकारांची, दुसरी तेथे वावरणाऱ्या सामान्यांची.

मराठी, कानडी आणि दखनी एकाच अंगणात ऐकणाऱ्या आम्हांला हे नवे कसे वाटावे? बिदरच्या किल्ल्यातील रंगीन महाल पाहावा. सोळाव्या शतकात अली बरीदने त्याला नवे रूप दिले. लाकडी खांबांवरील कोरीवकाम देशी वळणाचे, तर काळ्या दगडात जडविलेले शिंपले आणि रंगीत फरशा इराणी वळणाच्या. तरीही उसने काही वाटत नाही. सिकंदराबादेस जन्मलेल्या चार्ल्स कोरिया यांनी पुण्याच्या 'आयुका'त पायऱ्यांचे कुंड योजिले, तेही वरून चिकटविलेले नाही.

आमच्या घराचा कट्टा असाच. कानडी शेजारी त्याला 'कट्टे' म्हणतात. वाटसरू तेथे टेकतो, पाणी मागतो; आतला चौक मात्र घरच्यांचा. हे सारे जपावे, असे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यावर गावी राहणाऱ्या वहिनींनी विचारले, "गळक्या माळवदाखाली आम्ही राहायचं आणि जिव्हाळा तुम्ही हैदराबादेत बसून बाळगायचा?" दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती टाकावयास माणसे मिळत नाहीत, हे खरेच आहे.

तेव्हा छत सिमेंटचे होईल. ग्रीक खांब आणि नकली कमानी रद्द. तांबडे दगड जपून काढून त्यांचाच कट्टा रस्त्याकडे पुन्हा बांधावयाचा. चौकही राहील, फक्त वहिनींची अट अशी की त्यावर लोखंडी जाळी हवी, कारण गावात माकडे फार झाली आहेत.