सोणाच्या वहाणा आणि माझी टाच

आपल्या साप्ताहिकात मधुमेहावर, रक्तदाबावर लेख येतात. टाचेवर कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहायला घेतले आहे. हसू नका.

माझे वडील भिवंडीत यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी, सगळी उभ्याने. पायात रबरी स्लिपर, कधी तीही नाही. रात्री आई खोबरेल तेल कोमट करून त्यांच्या भेगांना लावायची. ‘पाय दुखतात’ असे ते कालकथित होईपर्यंत मी त्यांच्या तोंडून ऐकले नाही. आजोबांना तर गावात वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्याव्या लागत. अशा घरातल्या माणसाच्या बुटात साडेतीन हजारांचे सोल! आमच्या आयुष्मती म्हणाल्याच, “एवढ्यात दोन मुलांची पुस्तके आली असती.” मला उत्तर देता आले नाही.

झाले असे. वर्षावास संपला की दरवर्षी आमच्या विहारातली पंधरा-वीस मुले घेऊन मी लेणीदर्शनाला जातो. लोनाडची लेणी आपल्याच तालुक्यात, पण मुलांना डोंगर चढायचा असतो. कान्हेरी झाली, कार्ले झाले. दोन वर्षांपूर्वी भाज्याच्या पायऱ्यांवर मी अर्ध्यात बसलो. टाचेत खिळा ठोकावा तशी कळ. मुलांना वर पाठवले. परतताना सातवीतली एक मुलगी म्हणाली, “काका, पुढच्या वर्षी कोण नेणार आम्हांला?” ते मला टाचेपेक्षा जास्त लागले.

डॉक्टरांनी समजावले. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाखाली एक जाड पट्टा असतो, त्यावर ताण येऊन तो टाचेपाशी दुखावतो. सकाळचे पहिले पाऊल म्हणूनच सर्वांत वाईट. त्यांनी पोटरी ताणायचा व्यायाम दिला, पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायला सांगितली. त्याने बराच फरक पडला. पण चढ-उताराला पाय तयार होईना.

माझा भाचा इथल्याच एका गोदामात माल काढायला आहे. पाळीभर नुसते चालणे. त्याने पगारातून हे सोल आणले. फोमचे असतात, गरम केले की मऊ पडतात, आणि त्यावर उभे राहिले की आपल्या पायाचा आकार घेऊन थंड होतात. पुठ्ठ्यावर लिहिले होते, नव्वद-पंच्याण्णव अंशांवर दोन मिनिटे भट्टीत ठेवा. आमच्या घरी भट्टी कुठली? नाक्यावरच्या बेकरीत गेलो. उस्ताद म्हणाला, “साहेब, माझी भट्टी पावाची आहे. तुमच्या सोलचा पापड होईल.” शेवटी शेजारची मुलगी केक करते तिचा विजेचा ओव्हन मिळाला. तिची आई जरा बिचकली. खाण्याच्या भांड्यात पायाची वस्तू! मी म्हटले, “ताई, कोरे आहेत, अजून पाय लागलेला नाही.” तिने पाटावर फडके अंथरून दिले.

बुटातला जुना सोल आधी काढावा लागतो आणि त्याच्या मापाने नवा कातरावा लागतो. मग गरम सोल बुटात घालून, नाडी बांधून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन स्तब्ध उभे राहायचे. चालायचे नाही. मी त्रिशरण म्हणत उभा राहिलो. ज्यांना मधुमेहाने पायाला स्पर्श कळत नाही, त्यांनी मात्र असले गरम सोल घालून उभे राहू नये. पाय भाजला तरी कळणार नाही.

पहिले चार दिवस तळव्याच्या खळगीत कोणी मूठ धरल्यासारखे वाटे. रोज तास-दोन तासच घातले. तेव्हा विनयपिटकातला सोण आठवला. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला हा मुलगा भिक्खू झाला, आणि चंक्रमण करून करून त्याचे तळवे फुटले, वाट रक्ताने भरली. वीणेची तार फार ताणू नये आणि फार सैलही सोडू नये, हा उपदेश तथागतांनी त्यालाच केला, तो आपण नेहमी सांगतो. पुढचे सांगत नाही. तथागतांनी त्याला एकपदरी वहाणा घालायला सांगितले, आणि तो म्हणाला, संघाला परवानगी असेल तर मीही घालीन, एकट्यासाठी नको. मग सर्वांनाच परवानगी मिळाली. आणखी पुढे दुसऱ्या एका सोणाने अवंती-दक्षिणापथातल्या भिक्खूंची अडचण तथागतांच्या कानावर घातली. तिथली जमीन काळी, कठीण, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली. तेव्हा तिकडे अनेकपदरी वहाणांना मुभा मिळाली. म्हणजे आपल्याच मुलखाच्या जमिनीचा विचार झाला होता! हे मी मुलांना सांगितले तेव्हा मोठी मुलेसुद्धा माझ्या बुटांकडे बघू लागली.

यंदा वैशाखऱ्याहून नाणेघाट चढलो. वर येईतो तीन तास लागले, टाच गप्प होती. उतरताना मात्र बोटे बुटाच्या पुढच्या टोकाला आपटली. तो दोष सोलचा नव्हता, बूट अर्धा अंक लहान पडला होता. ओल्या खडकावर घसरलोही एकदा. आतला सोल पायाला आधार देतो, घसरण थांबवायची तर बुटाचा खालचा तळ चांगला पाहिजे. वरच्या गुहेत नागणिकेचा लेख आहे आणि सातवाहन राजघराण्यातल्यांच्या मूर्तींची रांग होती. मूर्ती गेल्या. वर नावे आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. ती भाज्याची मुलगी त्या पायांपाशी बराच वेळ उकिडवी बसली होती.

आपल्यातले बहुतेक जण चपला घालतात. त्यांच्या हे उपयोगाचे नाही, बंद बूटच लागतो. त्यांनी एमसीआर रबराच्या मऊ चपला बघाव्यात. बधिर पायांच्या रुग्णांना देतात त्याच, टाचदुखीलाही बऱ्या.

गोदामात बंद बूट सक्तीचे आहेत. त्या दिवशी भाच्याने माझा सोल सहज आपल्या बुटात घालून पाहिला. चार पावले टाकली, लगेच काढला. म्हणाला, “मामा, हा आता तुमचाच झाला, मला टोचतो.” त्याच्या बुटातला जुना सोल पाहिला तर टाचेपाशी कागदासारखा पातळ झालेला. दर महिन्याला तीनशे रुपये बाजूला टाकतो आहे, नऊशे झाले. ओव्हनसाठी शेजारी सांगून ठेवले आहे.